नळीतली हवा

४ फेब्रुवारी

चि. पोरीस आशीर्वाद.

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. तीन आठवडे मी रोज दारातल्या पेटीत हात घालून बघत होतो, आपलंच पत्र शिक्का खाऊन आपल्याला भेटायला येतंय की काय म्हणून. नाही आलं. तुझी आई म्हणाली, "पोचलं ते. आता तरी नीट जेवा." जेवलो.

तू उत्तर दिलं नाहीस, पण जावईबापूंनी दिलं. सात वर्षांत त्यांचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. पाकीट मी फोडलं नाही, कारण माणूस एवढ्या वर्षांनी लिहितो ते वाईटच लिहितो. तुझ्या आईला म्हटलं, तू फोड. तिनं फोडलं, वाचलं, आणि म्हणाली, "सगळे धडधाकट आहेत." मग मी वाचलं.

त्यांनी लिहिलंय की तू ज्या कारखान्यात दुसऱ्यांनी केलेले सांधे तपासतेस, तिथं शिकाऊ मुलामुलींचा वर्ग निघतोय. पितळ वितळवून नळ्यांना डाग द्यायला शिकवायला त्यांना तूच हवी आहेस. हो की नाही ते महिनाअखेर सांगायचंय. आणि तू नाही म्हणतेस. "माझ्या हातानं एक माणूस पाडलाय, मी कुणाला काय शिकवणार?" असं म्हणतेस म्हणे. गॅसचा टॉर्च तर तू इथून गेल्यापासून हातातच धरला नाहीस. हे मला ठाऊक नव्हतं. आई तुझ्याशी दर रविवारी फोनवर बोलते तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहतो, आणि आत आल्यावर ती मला निवडक तेवढंच सांगते.

म्हणून हे लिहितोय. समोरचे टपालकाका आपण बनवलेला वॉकर धरून चालत होते, त्याचा पुढचा सांधा उघडला, ते पडले, खुबा मोडला. तो सांधा तुझ्या हातचा होता, हे खरं. पण चूक कुणाच्या हातून होत नाही? मी तेव्हा सगळ्या गल्लीसमोर म्हणालो की हा सांधा माझा नाही, पोरीनं केलाय. एवढं ओरडून म्हणायला नको होतं. पण आता माझ्या मनात काही नाही. मी तुला केव्हाच माफ केलं आहे. तू त्यांना हो म्हणून टाक.

इकडे मी ठीक. डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता वरच्या माळ्यावरच्या कपड्यांच्या चिमट्यांचे रंगसुद्धा कळतात. आणखी एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. मी टॉर्च पुन्हा पेटवलाय. दुकान नाही उघडलं, घरामागच्या पडवीत. वर नवीन भाडेकरू आलाय, बँकेत कॅशियर आहे, चाळिशीचा. त्याला रिमोटवर चालणारी गाडी बनवायचीय. म्हटलं, बाजारात मिळतात की. म्हणाला, "काका, ती पळायची. ही चढायची." दगडांवरून चढणारी गाडी. तिची चारही चाकं एकेका दगडावर वेगवेगळी वर-खाली होतात, मोटर मुंगीच्या चालीनं फिरवते. तयार पत्र्याची बॉडी त्याला नकोय, बारीक नळ्यांचा सांगाडा हवाय, खऱ्या गाडीसारखा, हातानं केलेला. कागदावर काढून आणला होता. मी नाहीच म्हणणार होतो. पण जावईबापूंचं पत्र त्याच दिवशी आलेलं, आणि मला बसवत नव्हतं. हो म्हणालो.

टॉर्च पेटेल की नाही असं वाटलं होतं. पहिल्या काडीला पेटला.

बाबा


११ फेब्रुवारी

चि. पोरीस आशीर्वाद.

तू उत्तर दिलं असशील आणि ते वाटेत असेल असं धरून चाललोय. नसशील दिलं तरी हरकत नाही.

सांगाडा जवळजवळ झाला. मोटारीच्या ब्रेकची नळी असते ना, पेन्सिलीपेक्षा बारीक, ती आणली. कॅशियरनं चित्र फळीवर चिकटवलं आणि मी चित्राच्या रेषांवर दोन्ही बाजूंनी बारीक खिळे ठोकले, म्हणजे नळी मधे अडकून हलायची नाही. तो माणूस सगळं दोनदा मोजतो. खिळे मोजले, नळ्या मोजल्या, मग बोटं चाटून पुन्हा मोजल्या. मी म्हटलं, "अहो, या नोटा नाहीत." म्हणाला, "सवय आहे काका, बायको मुलांनासुद्धा मोजू देत नाही मला." मुलं दोनच आहेत त्याला.

नळीच्या टोकाला गोल कानशीनं खोबण करायची, दुसऱ्या नळीच्या पाठीवर ती बरोबर बसली पाहिजे, मधून उजेड दिसता कामा नये, हे तुला मी काय सांगू. तू नऊ वर्षांची असताना उजेड दिसतो का ते बघायला नळी खिडकीशी धरायचीस आणि "दिसतो, दिसतो" म्हणून मला चिडवायचीस. आपल्या इस्पितळाच्या ट्रॉलीच्या नळ्या केवढ्या जाड होत्या. इथं एक खोबण करायला मला पाऊण तास लागतो. तेवीस सांधे आहेत.

आईचं चालूच असतं. भाजी चिरताचिरता काल म्हणाली, "मला लग्नात एक पाट करून द्या म्हटलं होतं, तो अजून यायचाय. आणि बाहुलीच्या गाडीला पलंग करताय." मी म्हटलं, हा पलंग नाही, सांगाडा आहे. म्हणाली, "आपल्या घरात सगळ्याचा सांगाडाच होतो." तिला उत्तर देण्यात अर्थ नाही. पण दुपारी चहा तिनं पडवीत आणून दिला, आणि सांगाडा हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला. दुकान बंद केल्यापासून तिनं माझ्या कुठल्या वस्तूला हात लावला नव्हता.

प्रत्येक नळीला पोटाखाली तुझ्या पद्धतीनं सुईएवढं भोक पाडलं होतं. टॉर्चनं नळी तापली की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट पाहिजे. मी बापजन्मात कधी भोकं पाडली नव्हती, ती तू कुठल्या तरी पुस्तकातून काढलेलीस. पण कॅशियर म्हणतो गाडी चिखलातून, डबक्यातून जाणार. पाणी आत शिरलं तर नळी आतून गंजणार. मला ते काही सहन होईना. रोज काम थांबवायच्या आधी त्या दिवसाची भोकं मी पितळाचा थेंब टाकून बुजवतो. वरून कानस मारली की दिसतही नाहीत. आता फक्त पुढची खालची आडवी नळी पुरी करायची राहिलीय. एक टोक आज पक्कं केलं, दुसरं उद्या.

खूप बरं वाटतंय मला. सांध्यावर लावायच्या टाकणखाराचा तो वितळताना काचेसारखा होणारा रंग पुन्हा दिसला. मला वाटलं होतं तो मी शेवटचा पाहून झालो.

महिनाअखेर लक्षात आहे ना?

बाबा


१५ फेब्रुवारी

चि. पोरीस,

गाडी चालवून पाहिली. इमारतीमागे जुनी खाण आहे तिथं गेलो. कॅशियर, मी, आणि टपालकाका काठी टेकत मागून. काका म्हणाले, "मिस्त्री, मला तर वाटतं या गाडीपेक्षा मी लवकर चढेन." खरंच तेवढीच चाल तिची. पण काय चढते! एक चाक हवेत, एक खड्ड्यात, दोन दगडाला चिकटलेली, आणि तरी पुढं.

मग एका उंच दगडावरून उलटली आणि कंबरभर खाली पडली. सांगाड्याचा एक सांधा उघडला. बाकीचे सगळे धड. किरकोळ आहे. कॅशियर म्हणाला, "काका, पडतेच ती, पडण्यासाठीच आहे." तो अजिबात नाराज नाही. मीही नाही.

आज थोडं अंग दुखतंय म्हणून इथंच थांबतो.

बाबा


१७ फेब्रुवारी

पोरी,

मागचं पत्र टाकलं त्यात खोटं होतं. अंग दुखत नव्हतं. दोन दिवस मी पडवीत जाऊन नुसता बसतोय. आई विचारून विचारून थकली. शेवटी मी तिला सांगितलं. भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. मग म्हणाली, "हे तिला आत्ता फोन करून सांगा." मी म्हटलं, नको. फोनवर माझा आवाज चढतो, मी एक बोलीन आणि तिसरंच सिद्ध करीन. कागदावर लिहिलं की मला नंतर नाही म्हणता येणार नाही. महिनाअखेरीला अजून दिवस आहेत, पत्र पाच दिवसांत पोचतं. तर लिहितो. सावकाश वाच.

उघडलेला सांधा होता तो पुढच्या खालच्या आडव्या नळीचा. दुसरं टोक. बुधवारी शेवटी केलेलं ते. मी घरी आणून उजेडात पाहिलं. वरून पितळ छान, गोल, सोन्यासारखं. आणि आत पोकळ. किडलेल्या दाढेसारखं काळं भोक. पितळाची नुसती साय आली होती वर, खाली काही नव्हतं.

तो सांधा करत असताना थुंकला होता. पितळ वितळून बसायला आलं की फुर्र करून एक बुडबुडा यायचा आणि मधे खड्डा पडायचा. मी वरून आणखी पितळ घातलं. पुन्हा थुंकला, पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा बसलं. मला वाटलं जमलं.

का थुंकला, हे मला खाणीतून घरी येईपर्यंत कळलं नाही. भोक मी आदल्या दिवशीच बुजवलं होतं. नळीचं एक टोक पक्कं, पोटाखालचं भोक बंद, आणि मी दुसरं टोक तापवतोय. आतली हवा जाणार कुठं? ती माझ्या ओल्या पितळातूनच बाहेर येणार. जाताजाता ती आत पोकळी करून गेली. एवढं साधं. बावीस सांधे मी भोक उघडं असताना केले म्हणून टिकले. तेवढा एकच सांधा भोक बुजवून केला, तो गेला.

आता खरं ते. हे मी आधी एकदा पाहिलं होतं.

टपालकाका पडले त्या दिवशी त्यांचा वॉकर मी घरी आणला होता. तो सांधाही असाच होता. वरून साय, आत काळं. मी म्हटलं, पोरीनं नीट तापवलंच नाही, घाई केली. पुढची आडवी नळी होती, वॉकर करताना तिचं एक टोक संध्याकाळी मी केलं होतं, दुसरं सकाळी तुझ्यासाठी ठेवलं होतं. उघडलं ते तुझं टोक. म्हणून मी गल्लीत म्हणालो ते म्हणालो.

पण त्या संध्याकाळी तू दुकानातून घरी गेल्यावर मी काय केलं? काकांच्या न्हाणीघरात वॉकर भिजणार, नळीत पाणी शिरणार, गंज लागणार, या काळजीनं मी तू पाडलेली सगळी भोकं पितळ टाकून बुजवली. त्या आडव्या नळीचंही. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, बाबा, अजून एक टोक राहिलंय. वरून कानस मारली. दिसत नव्हती.

आणि सकाळी तू टॉर्च लावलास. मी चहा पीत होतो. तू म्हणालीस, "बाबा, हा सांधा थुंकतोय." मी कपातून तोंड न काढता म्हणालो, "टाकणखार ओला असेल. वरून घाल अजून." तू म्हणालीस, "तोडून परत करू का?" मी म्हणालो, "वेळ नाही, काकांना आज द्यायचाय."

हे सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. सात वर्षं आठवत नव्हतं. विसरलो होतो की आठवू देत नव्हतो, ते मला स्वतःलाही नक्की सांगता येत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, मनातलं उकलून बघायला मला कुणी शिकवलं नाही. पण एवढं सांगतो. तू इथं असताना इतके सांधे केलेस, त्यातला एकही आजवर उघडल्याचं मी ऐकलं नाही. उघडला तो एकच, आणि तो मी बुजवलेल्या नळीवरचा. तू विचारलंस, मी ऐकलं नाही. काकांना मी पाडलं.

तुला मी माफ केलंय असं वर लिहून पाठवलं, त्याची मला इतकी लाज वाटतेय की ते पत्र टपालपेटीत हात घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं.

एक विचित्र गोष्ट आहे, रागावू नकोस. हे कळलं तेव्हा मला आधी भीती वाटली, आणि मग बरं वाटलं. तो सांधा तुझा नव्हता, याचं बरं वाटलं. सात वर्षं मी मनात म्हणत होतो की पोरीचा हात इतका चांगला, मग त्या दिवशी कसा चुकला? हे कोडं मला आतून कुरतडत होतं. तुझा हात चुकलाच नव्हता.

त्यांना हो म्हण. माझ्यासाठी नको म्हणूस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण त्यांना हो म्हण.

पाकीट अजून बंद करत नाही. काकांना सांगायचं राहिलंय. आधी तुला लिहिलं कारण कागद काठी मारत नाही.


१८ फेब्रुवारी, सकाळी

काकांकडे जाऊन आलो. ते पायरीवर उन्हाला बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, भोकं, चहा, सगळं. झाल्यावर म्हणाले,

"म्हणजे मिस्त्री, सात वर्षं मी चुकीच्या पत्त्यावर शिव्या टाकत होतो?"

"हो."

"तीस वर्षं टपाल वाटलं, एक पत्र चुकीच्या घरी गेलं नाही माझं. आणि तू हे करायला लावलंस."

"हो."

"त्या सगळ्या परत गोळा करून तुला द्याव्या लागतील आता."

"द्या."

"बस. आधी चहा होऊ दे. रिकाम्या पोटी माझ्याच्यानं होत नाही."

मी बसलो. चहा आला. त्यांनी शिव्या दिल्या, चांगल्या मोठ्यानं, काकू आतून "अहो, अहो" करत होत्या. मी मान खाली घालून ऐकल्या. पंधरा-वीस झाल्या आणि एकदम थांबले. म्हणाले, "पोर दवाखान्यात आली होती रे. पलंगाशी उभी होती. मी तोंड भिंतीकडे केलं. ती किती वेळ उभी होती ते मला कळलंसुद्धा नाही." मग काठीनं जमिनीवर नुसत्या रेघा मारत राहिले. मला त्यांच्या शिव्या बऱ्या वाटत होत्या, त्या रेघा बघवेनात.

मग म्हणाले, "पत्र कुठंय? आण इकडे. माझे दोन शब्द घालतो." खाली त्यांच्याच हातचे आहेत, माझे समजू नकोस.

"पोरी, मी टपालकाका. पाय बरा आहे, थंडीत ठणकतो, त्याला इलाज नाही. तू आली होतीस तेव्हा मी बोललो नाही. ते माझ्या अंगावर राहिलंय. तुझा काही दोष नाही, तुझ्या बापाचा आहे, आणि तो आज माझा चहा पिऊन गेला आहे. शिकव मुलांना. काका."

पत्र माझ्या हातात द्यायला ते तयार नाहीत. म्हणतात, "तू वाटेत घाबरून परत आणशील." स्वतः जाणार आहेत पोस्टात, चालत. मी मागून जातो, दोन पावलं सोडून.

बाबा


८ मार्च

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

पाकीट जाड होतं. मी धसकलो. फोडायला आईकडे दिलं, ती म्हणाली, "यावेळी तुमचं तुम्ही फोडा." फोडलं.

सहा पानं, पाठपोट. जेवढं बोलायचं तेवढं सगळं बोललीस. दोन ठिकाणी लिहून खोडलंयस, तिथं काय असेल ते मी ओळखलं, आणि ते खोडायची गरज नव्हती. सात वर्षं तू आईकडून "बाबांना सांग, मी ठीक आहे" एवढंच पाठवत होतीस. त्या "ठीक आहे"नं मला जितका त्रास झाला तितका या सहा पानांनी नाही झाला. वाचून संपलं तेव्हा मी भिंतीला टेकून पाय पसरून बसलो. आई धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

"काही नाही," म्हटलं. "पोर रागावलीये."

"मग हसताय काय वेड्यासारखे?"

"खूप रागावलीये गं."

तिनं माझ्या हातातून पानं ओढून घेतली आणि चष्मा शोधायला गेली.

तू लिहितेस, "मी तुम्हाला माफ केलंय असं या पत्रात कुठंही नाही, पुन्हा वाचून बघा." वाचलं पुन्हा. नाही कुठं. घाई नाही. सुट्टीत येणार नाही म्हणतेस, तेही ठीक. काकांना वेगळं पत्र टाकलंस ते त्यांनी मला दाखवलं नाही. गल्लीत मात्र सगळ्यांना खिशातून काढून पाकीट दाखवतात, पाकीटच फक्त.

सव्वीस तारखेला सही केलीस. ते एक वाक्य आईनं मला तीनदा वाचायला लावलं. सात वर्षांनी टॉर्च धरलास आणि पहिला सांधा ढेकळासारखा आला, असं लिहिलंयस. येऊ दे. आठ दिवस ढेकळं येतील, मग सांधे येतील. पितळाची काडी थोडी लांब धर, तू नेहमी जवळ धरायचीस. हे मी सांगू नये बहुतेक, पण सांगितलं.

कॅशियरची गाडी दुरुस्त झाली. मी ती आडवी नळी कापून काढली, नवी बसवली, आणि तिचं भोक उघडंच ठेवलं. रविवारी खाणीत तीन तास चढली. कॅशियर विचारत होता, पाणी शिरलं तर? मी म्हटलं, शिरेल तसं बाहेरही येईल, तुम्ही गाडी चालवा. मला स्वतःचंच बोलणं ऐकून नवल वाटलं. काळजी नाही केली मी. म्हणजे केली, पण घरी येईपर्यंतच.

आता शेवटच्या पानावरचा तुझा प्रश्न. सतरा तारखेचं माझं पत्र वर्गात वाचून दाखवू का, असं विचारतेस. पहिल्या दिवशी, टॉर्च पेटवण्याआधी, अठरा मुलामुलींसमोर.

खरं सांगतो, मी दोन दिवस उत्तर लिहू शकलो नाही. आपण बनवलेल्या ट्रॉल्या, खुर्च्या, घडवंच्या अजून किती ठिकाणी असतील. लोक म्हणतील, त्याच मिस्त्रीच्या आहेत का या? उलट्या करून सांधे बघायला लागतील. आईला विचारलं. ती म्हणाली, "बघू देत की. चांगलंच आहे." काकांना विचारलं. ते म्हणाले, "मिस्त्री, पोरीबद्दल बोललास तेव्हा विचारायला आला नव्हतास मला."

तर वाच. आईनं भाजी चिरताना काय केलं ते गाळ, ते घरातलं आहे. बाकी काही गाळू नकोस. मी चहा पीत होतो ते वाच. वेळ नाही म्हणालो ते वाच. तू थुंकतोय म्हणालीस, तोडून परत करू का म्हणालीस, तिथं जरा थांबून वाच, म्हणजे मागच्या बाकावरच्यांनाही कळेल की हातातला सांधा काही सांगत असला तर त्याचं ऐकायचं, चहा पिणाऱ्याचं नाही. माझं शुद्धलेखन सुधारायचं तर सुधार.

आणि वाचून झाल्यावर कुणी विचारेल, बाई, इतका मूर्ख मिस्त्री हा कोण? विचारतीलच, त्या वयाची मुलं विचारतात. तेव्हा पुस्तकात बघू नकोस आणि विषय बदलू नकोस. वर बघून सांग, माझे बाबा.

तुझा
बाबा